'राइड थ्रू' आणि 'रिकव्हरी'ला मराठीत काय म्हणावं?

कळंब: सोलर प्लांटवरच्या पोरांसाठी मराठीत सूचना लिहायलोय. 'लो व्होल्टेज राइड थ्रू' कसं लिहू? लाइनवर फॉल्ट (शॉर्टसर्किटसारखा बिघाड) होऊन व्होल्टेज पडलं तरी इन्व्हर्टरनं (पॅनेलची डीसी वीज एसी करून देणारं यंत्र) ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, सोडायचं नाही, ही ती अट. एकानं 'न्यूनदाब पारगमन क्षमता' सुचवलं. पोरं हसायलीत.

परळी: हसणारच. इन्व्हर्टर कुठं पार जायलाय? 'तग धरणे' घ्या. पावसानं ओढ दिली की तूर तग धरून आहे म्हणतोच आपण. शिवाय तग धरण्याला मुदत असते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची अटही तशीच आहे: व्होल्टेज नेहमीच्या 15 टक्क्यांवर आलं तरी 300 मिलिसेकंद जोडलेलं राहायचं.

कळंब: जमलं. मग फॉल्ट गेल्यावर व्होल्टेज परत येतं त्या 'रिकव्हरी'ला 'पूर्ववत होणे'?

अंबाजोगाई: नको, त्यानं पोरांचा गैरसमज होईल. फॉल्ट चालू असताना इन्व्हर्टर व्होल्टेजला टेका म्हणून रिॲक्टिव्ह करंट (प्रत्यक्ष काम न करता व्होल्टेज धरून ठेवणारा करंट) ढकलत असतो. ब्रेकरनं खराब लाइन तोडली की व्होल्टेज एकदम वर येतं. पण ते ओळखून करंट मागं घ्यायला कंट्रोलला काही मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात तोच टेका जास्तीचा ठरतो आणि व्होल्टेज शंभर टक्क्यांच्या पुढं जातं. लांब लाइनच्या टोकाला, कमजोर ग्रिडवर हे जास्त. म्हणून व्होल्टेज परत येण्याला 'सावरणे' आणि शंभराच्या पुढं जाण्याला 'उसळी' असे दोन शब्द ठेवा. प्राधिकरणाच्या नियमांच्या 2019 च्या दुरुस्तीत वरच्या बाजूचीही अट आली: 110 ते 120 टक्क्यांत 2 सेकंद, 120 ते 130 त 0.2 सेकंद तग धरायचा. 130 च्या वर गेलं की ट्रिप, म्हणजे आपोआप ग्रिडपासून सुटायचं.

औसा (लाइनमन): डीपीचं न्यूट्रल तुटलं की घरातले टीव्ही जळतात, तीपण उसळीच का?

अंबाजोगाई: नाही, तिथं व्होल्टेज 'चढतं'. न्यूट्रल जोडेपर्यंत उतरत नाही. उसळी आपली आपण बसते, फक्त तेवढ्यात इन्व्हर्टर ट्रिप व्हायला नको.

परळी: एक राहिलं. काही इन्व्हर्टर जोडलेले राहतात पण फॉल्टमध्ये करंट शून्य करतात. त्याला तग म्हणायचं?

अंबाजोगाई: ब्रेकर लागलेला आहे एवढ्यावरून कोणी म्हणेलही. मी 'करंट थांबवला' असंच लिहीन. अशा इन्व्हर्टरनं फॉल्टनंतर करंट किती वेळात परत दिला, त्याचा रकाना वेगळा ठेवा.