मदत हवी आहे: माँतों, फ्रेंच रिव्हिएरा – पायऱ्या न चढता, गाडी न घेता कुठे कुठे जाता येईल?

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या शेवटी आम्ही चौघं आठवडाभरासाठी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर माँतोंला जातोय. मी, नवरा, आर्किटेक्चरला असलेली लेक आणि सासूबाई. शेंगेन व्हिसा हातात आलाय, नीसपर्यंतची विमानाची तिकिटं काढलीत आणि माँतोंच्या गाराव्हाँ भागात समुद्रापासून जवळ, लिफ्ट असलेलं घर घेतलंय. रोज कुठे जायचं ते ठरवायला बसलो आणि तिथे घोडं अडलंय.

सासूबाई 72 वर्षांच्या आहेत. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा कुरकुरतो. सपाट रस्त्यावर काठी घेऊन, मध्ये बसत बसत तासभर मजेत चालतात. पायऱ्यांचं मात्र कठीण, त्यातही चढण्यापेक्षा उतरताना जास्त त्रास. मूळच्या वेंगुर्ल्याच्या, त्यामुळे समुद्र म्हटला की त्यांच्या अंगात उत्साह संचारतो. तिकिटं काढली त्या दिवशी पहिला प्रश्न आला, "तिथे भरती किती वाजता असते गं? त्या हिशेबाने पाण्यात जायला हवं."

मागे एकदा आम्ही त्यांना परदेशात सहलीला नेलं होतं. किल्ला, चर्च, व्ह्यू पॉइंट, जिथे बघावं तिथे चढण. प्रत्येक वेळी त्या खाली बाकावर आणि आम्ही वर. त्यांनी एका शब्दाने तक्रार केली नाही. पण घरी आल्यावर अल्बम बघताना दर दोन फोटोंमागे "हे कुठलं?" असं विचारत होत्या. ते मला फार लागलं. म्हणून या वेळी आधी त्यांना काय जमेल ते ठरवायचं आणि आमचं फिरणं त्याभोवती बसवायचं, असं आम्ही ठरवलंय.

नीसऐवजी माँतों निवडलं तेही याच विचाराने. गाव लहान, समुद्रकाठचा रस्ता सपाट, आणि किनाऱ्यालगतच्या रेल्वेने एका बाजूला मोनॅको आणि नीस, दुसऱ्या बाजूला इटली. वाचताना कळलं की या गावाची भरभराटच मुळी आजारी माणसांमुळे झाली. जेम्स हेन्री बेनेट नावाचे इंग्रज डॉक्टर 1859 मध्ये क्षयाने खंगलेल्या अवस्थेत इथे आले, बरे झाले आणि मग इथल्या हवेबद्दल त्यांनी इतकं लिहिलं की युरोपभरचे रुग्ण हिवाळा काढायला इथे येऊ लागले. 1882 मध्ये राणी व्हिक्टोरियाही येऊन राहिली. इतक्या अशक्त माणसांनी जिथे वर्षानुवर्षं फेऱ्या मारल्या, तिथे आमच्या सासूबाईंनाही जमेल, असं वाटतं.

आता प्रश्न. बागा त्यांना जीव की प्राण. सीमेपलीकडची हॅनबरी बाग आणि माँतोंमधली व्हाल रामे, यांतली त्यांना कोणती झेपेल? मोनॅको डोंगरावर वसलंय असं दिसतं, तर ते यादीतून काढूनच टाकावं का? ऐझ गावाचे फोटो फार सुंदर आहेत, पण सगळे जिनेच दिसतात. लेकीला रोकब्रूनला ल कॉर्बुझिए या चंदीगड आखणाऱ्या वास्तुकाराची लाकडी खोली बघायचीच आहे. गेल्या वर्षी कॉलेजच्या सहलीत चंदीगड पाहून आली, तेव्हापासून तिने हे डोक्यात घेतलंय. आणि किनाऱ्यावर म्हणे वाळू नाही, नुसते गोटे आहेत. मग सासूबाईंनी पाण्यात उतरायचं कसं?

शिवाय त्या पक्क्या शाकाहारी. अंडं घातलेला केक चालवून घेतात, मासळी मात्र लग्नानंतर सोडली ती सोडलीच. स्वयंपाकघर आहे, पण रोज स्वयंपाक करायला मी तिथे जात नाहीये.

गाडी भाड्याने घेणार नाही, नवऱ्याला त्या अरुंद घाटरस्त्यांवर उजवीकडून चालवायचा धीर नाही. कोणी तिकडे राहत असेल किंवा वडीलधाऱ्यांना घेऊन जाऊन आलं असेल, तर सविस्तर सांगा.

– चाफेकळी

प्रतिसाद: डबलडेकर

चाफेकळी, मी बरीच वर्षं नीसमध्ये होतो. माझे आईवडील यायचे तेव्हा हाच विचार करून फिरायचो, त्यामुळे अगदी मनापासून लिहितोय.

मोनॅको अजिबात काढू नका! चढाचं गाव असूनही पाय दुखणाऱ्यांसाठी या किनाऱ्यावर त्याच्याइतकं सोयीचं ठिकाण नाही. गावभर सार्वजनिक लिफ्ट आणि सरकते जिने आहेत आणि ते सगळ्यांना फुकट आहेत. रेल्वे स्टेशन डोंगराच्या पोटात आहे, तिथून बाहेर पडायलाही लिफ्ट आहेत. जुनं मोनॅको ज्या खडकावर आहे तिथे चालत चढू नका. बसने वर जा किंवा पेशर पार्किंगच्या लिफ्टने, ती थेट सागरी संग्रहालयाजवळ नेऊन सोडते. हे संग्रहालय राजे आल्बेर पहिले यांनी उभारलं, 1910 मध्ये खुलं झालं. खाली मत्स्यालय, वर गच्ची, आणि तिथेही लिफ्टने जाता येतं. गच्चीवरून आख्खा किनारा दिसतो. हा फोटो सासूबाईंसोबतच काढा. राजवाड्यासमोर पहारा 11:55 ला बदलतो, गर्दी होते, म्हणून अर्धा तास आधी जागा धरा. परतताना खाली समुद्राला लागून जपानी बाग आहे, प्रवेश फुकट आणि वाटा बहुतेक सपाट.

माँतोंहून मोनॅको रेल्वेने दहा-बारा मिनिटं, नीस चाळीसेक मिनिटं. नीसकडे जाताना डावीकडच्या खिडक्या पकडा, समुद्र त्या बाजूला. 607 नंबरची बसही याच किनाऱ्याने नीसपर्यंत जाते, पण ती खच्चून भरते आणि वळणं फार. सासूबाईंना रेल्वेच बरी. फक्त आदल्या रात्री संप नाही ना एवढं बघून घ्या, तिथे तो अधूनमधून असतोच.

ऐझबद्दल तुमचा अंदाज बरोबर आहे. स्टेशन खाली समुद्राजवळ, गाव चारशे मीटरवर, आणि बसने वर पोचलात तरी आत सगळा दगडी चढ. ते सोडा. त्याऐवजी बोल्यूला उतरा. मुंग्यांचा उपसागर अशा नावाची छोटीशी खाडी आहे, तिच्या काठाने सँ-झाँ-काप-फेराच्या बंदरापर्यंत सपाट पायवाट जाते, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला बंगल्यांच्या बागा. माझी आई दर वेळी आल्यावर पहिलं तिथे न्यायला सांगायची. बोल्यूतच व्हिला केरिलोस आहे, तेओदोर रेनाक या ग्रीकवेड्या विद्वानाने 1902 ते 1908 मध्ये प्राचीन ग्रीक घराच्या धर्तीवर बांधून घेतलेला. मुख्य दालनं तळमजल्यावर आहेत, त्यामुळे वर नाही गेलं तरी चालतं. लेक खूश होईल.

नीसला सकाळीच जा. कूर सालेयाचा फुलाभाज्यांचा बाजार सोमवारी नसतो, त्या दिवशी तिथे जुन्या वस्तू विकतात. बाजारानंतर किल्ल्याच्या टेकडीवर जायला समुद्राच्या बाजूने लिफ्ट आहे, तीही फुकट. वर किल्ला उरलेला नाही, चौदाव्या लुईने 1706 मध्ये पाडून टाकला. पण झाडी आहे, बाकं आहेत आणि खाली निळ्या पाण्याची कमान दिसते.

प्रतिसाद: रानजाई

बागांचं मी सांगते, कारण दोन्ही पाहिल्यात.

हॅनबरी अप्रतिम आहे. टॉमस हॅनबरी यांनी 1867 मध्ये ती जागा घेतली आणि जगभरची झाडं आणून लावली. पण प्रवेश वरून आहे आणि बाग उतरत उतरत समुद्रापर्यंत जाते. गेलात तेवढं सगळं चढून परत यायचं. उतरताना त्रास होतो म्हणताय, तेव्हा नकोच. व्हाल रामे तुमच्या घराच्या भागातच आहे, लहान आहे. थोड्याफार पायऱ्या तिथेही आहेत, पण घाई न करता दीड तासात निवांत होते. पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयाच्या ताब्यात आहे. तिथे तोरोमिरो नावाचं झाड जरूर शोधा. ईस्टर बेटावरचं हे झाड रानातून पार नाहीसं झालंय, अशा बागांमधूनच टिकून आहे. सासूबाईंना झाडांची आवड आहे तर त्यांना ही गोष्ट आधीच सांगून ठेवा, बघण्यात वेगळीच गोडी येते.

पाण्याचं म्हणाल तर भरतीचं वेळापत्रक त्यांना घरीच ठेवायला सांगा. भूमध्य समुद्राच्या या किनाऱ्यावर पाणी दिवसभरात फार तर वीतभर वरखाली होतं. कधीही जा. माँतोंचे बरेचसे किनारे गोट्यांचे आहेत हे खरं, पण जुन्या गावाखालचा ले साब्लेत त्यातल्या त्यात बारीक खडी-वाळूचा आणि आडोशाचा आहे. गाराव्हाँहून तिथपर्यंत पाण्याच्या कडेने सपाट रस्ता आहे. रबरी तळाचे पाण्यातले बूट इथूनच घेऊन जा आणि दोघींनी दोन बाजूंनी हात धरा. सप्टेंबरअखेर पाणी 22-23 अंशांच्या आसपास असतं, वेंगुर्ल्याच्या मानाने गार वाटेल, पण सोसतं.

माँतोंचं सँ-मिशेल चर्च पायऱ्यांवर आहे. पण एकावर एक रचलेली ती पिवळी-केशरी घरं आणि मधला मनोरा खालून, बंदराच्या धक्क्यावरूनच सगळ्यात सुंदर दिसतो. सकाळी ऊन त्या घरांवर पडतं तेव्हा जा.

खाण्यात सोक्का. हरभऱ्याच्या पिठाचं, ऑलिव्हच्या तेलातलं, मोठ्या परातीत भट्टीत भाजलेलं, वरून मिरपूड. आपल्या बेसनाच्या धिरड्याचा भाऊच! सासूबाई दोन वेळा मागतील. माँतोंच्या मंडईत बार्बाज्वाँ मिळतात, पालकासारखी भाजी आणि चीज भरून तळलेले. सावध राहायचं ते पिस्सालादिएरबाबत. दिसायला कांद्याचा पिझ्झा, पण त्यात अँचोव्ही मासा असतो. नीसचं सॅलड आणि पाँ बान्या नावाचं सँडविच यांतही मासळी. मागवताना "सां व्हियाँद, सां प्वासों, सां आँश्वा" म्हणा, म्हणजे मांस नको, मासा नको, अँचोव्हीही नको. तिसरं वेगळं सांगावंच लागतं, काही जण त्याला मासळीत धरतच नाहीत.

प्रतिसाद: टी-स्क्वेअर

लेकीसाठी. ती खोली, म्हणजे काबानों, 3.66 मीटर लांब आणि तेवढीच रुंद. 1952 ची. शेजारीच आयलीन ग्रे या वास्तुकार-डिझायनर बाईंचं ई-1027 हे घर आहे, 1929 चं, ज्याच्या भिंतींवर कॉर्बुझिएने तिला न विचारता चित्रं काढली. मला विचाराल तर घर खोलीपेक्षा कितीतरी सरस आहे. तिला दोन्ही नीट बघू द्या आणि मग तिचं मत ऐका. काबानों 2016 मध्ये जागतिक वारसा यादीत आलं, चंदीगडच्या कॅपिटॉल संकुलाबरोबर, एकाच नोंदीत. 1965 मध्ये ऑगस्टमध्ये याच समुद्रात पोहताना कॉर्बुझिए गेला.

फक्त मार्गदर्शकासोबतच जाता येतं, आधी आरक्षण लागतं, आणि गट रोकब्रून-काप-मार्तां स्टेशनवरून निघतो. वाटेत पायऱ्या आहेत. बापलेकीने जावं आणि त्याच सकाळी तुम्ही सासूबाईंना घेऊन व्हाल रामे करावं. तुमची अट मोडत नाही, कारण त्यांची सकाळ स्वतंत्रपणे भरलेली असेल.

प्रतिसाद: डबलडेकर

इटलीचं राहिलं. शुक्रवारी व्हेंतिमिल्याला समुद्राकाठी मोठा बाजार भरतो. सपाट आहे, पण गर्दी मरणाची. इतर दिवशी सकाळी छपराखालची भाजीमंडई बघा, जास्त निवांत. बाजारात नामी ब्रँडच्या नकली पर्स विकायला येतात, घेऊ नका. इटलीत विकत घेणाऱ्यालाही दंड होतो. आणि पासपोर्ट चौघांचेही मूळ, जवळ ठेवा. परतीच्या गाडीत गाराव्हाँ स्टेशनवर फ्रेंच पोलीस चढून तपासणी करतात, कधी कधी गाडी बराच वेळ थांबते.

दुसरं, त्या सुमारास तिथे एकदम मुसळधार पाऊस येऊ शकतो. 2 ऑक्टोबर 2020 ला अ‍ॅलेक्स वादळाने मागच्या रॉया खोऱ्यात रस्ते-पूल वाहून नेले होते. हवामान खात्याचा नारिंगी इशारा असेल त्या दिवशी डोंगराकडे जाऊ नका. माँतोंच्या नगरपालिकेत झाँ कॉक्तो या फ्रेंच कवी-चित्रकाराने रंगवलेलं लग्नाचं दालन आहे, ते अशा दिवसासाठी राखून ठेवा.

चाफेकळी

सगळ्यांचे किती आभार मानू! सासूबाईंना प्रतिसाद वाचून दाखवले. भरतीचं ऐकून त्या गप्पच झाल्या, मग म्हणाल्या, "मग कुर्ल्या कधी धरतात?" याचं उत्तर कोणाकडे असेल तर द्या.

दिवस साधारण असे बसवलेत: मोनॅको, बोल्यू, नीस, एक सकाळ बाप-लेक काबानोंला आणि आम्ही बागेत, शुक्रवार सोडून व्हेंतिमिल्या. मध्ये मध्ये एक दिवस नुसताच समुद्र. आता शेवटची शंका: मधे एकादशी येतेय. साबुदाणा, दाण्याचं कूट, तूप आणि नारळ सामानातून नेलं तर चालतं का?

रानजाई

साबुदाणा आणि कूट बिनधास्त न्या, बंद पाकिटात. तूप नको. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, त्यात तूप, पेढे, पनीर सगळं आलं. तिथलं लोणी घेऊन घरी कढवा, उत्तम होतं. ताजी फळं-भाज्या बहुतेक अडवतात, पण नारळ, केळी, अननस, खजूर यांना सूट आहे. तेव्हा नारळ चालेल, सोलून न्या.