मदत हवी आहे: आय२१० नेटवर्क कार्डावर पाठवणीची वेळ ठरवून दिल्यापासून एकही पॅकेट बाहेर पडत नाही

चक्रगती: आमच्या यंत्राच्या नियंत्रकाला दर १ मिलिसेकंदाला एक यूडीपी पॅकेट (पोच न मागता पाठवलेला नेटवर्क संदेश) ठरलेल्या क्षणी मिळायला हवे. प्रोग्राममध्येच थांबून पाठवले, तर तो क्षण ४० ते ६० मायक्रोसेकंदांनी मागेपुढे होतो. म्हणून इंटेलचे आय२१० कार्ड घेतले, लिनक्समध्ये त्याच्या पाठवणीच्या रांगेवर ईटीएफ (पॅकेट त्याच्या वेळेपर्यंत रांगेत धरून ठेवणारी सोय) लावले, हार्डवेअर ऑफलोड (नेमकी वेळ पाळण्याचे काम कार्डाकडे सोपवणे) चालू केले आणि प्रत्येक पॅकेटसोबत वेळ देऊ लागले. तेव्हापासून वायरशार्कमध्ये (पॅकेटे टिपून दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) एकही पॅकेट दिसत नाही आणि प्रोग्राम कोणतीही चूक दाखवत नाही. सोमवारी यंत्र सुपूर्द करायचे असल्याने कृपया लवकर सांगावे.

तांब्याची तार: ईथटूलने (कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या आज्ञेने) इंटरप्ट, म्हणजे कार्डाकडून प्रोसेसरला जाणाऱ्या सूचना, एकत्र करण्याची मुदत शून्य करा. माझ्याकडे विलंबाच्या सगळ्या तक्रारी त्यानेच मिटल्या.

रांगेतला: ती मुदत प्रोसेसरला सूचना कधी मिळेल एवढेच ठरवते, पॅकेट तारेवर कधी जाईल हे नाही. चक्रगती, कर्नल (लिनक्सचा गाभा) कोणते, डेल्टा (ठरलेल्या वेळेच्या किती आधी ईटीएफ पॅकेट कार्डाकडे देते तो अवधी) किती आणि वेळ कोणत्या घड्याळावरून घेता, हे लिहिल्याशिवाय उत्तर देणे अवघड आहे.

चक्रगती: कर्नल ५.१५, डेल्टा ३,००,००० नॅनोसेकंद. पीटीपी (नेटवर्कवरून घड्याळे जुळवण्याची पद्धत) चालू आहे, त्यामुळे घड्याळाचा प्रश्न नसावा.

गीगाबिट: ऊर्जाबचत, म्हणजे ईईई, आधी बंद करा. गिगाबिटच्या तांब्याच्या जोडणीला झोपेतून उठायलाच सुमारे १६.५ मायक्रोसेकंद लागतात.

तांब्याची तार: दोन फ्रेममधले अंतरही वाढवून पाहावे. किमान अंतर ९६ बिटांचे, म्हणजे गिगाबिटवर ९६ नॅनोसेकंदांचे असते.

रांगेतला: मिलिसेकंदाला एकच पॅकेट जात असताना त्या ९६ नॅनोसेकंदांचा इथे काय संबंध? ईईईचा सल्ला योग्य आहे, पण तो पॅकेटे जाऊ लागल्यानंतरचा. चक्रगती, टीसीच्या (लिनक्समधल्या रांगा सांभाळणाऱ्या आज्ञेच्या) आकडेवारीत त्या रांगेने टाकून दिलेली पॅकेटे किती दिसतात? आणि घड्याळाचे नेमके नाव सांगा.

चक्रगती: जितकी पाठवली तितकीच टाकून दिलेली दिसतात! सॉकेटवर (प्रोग्राम जिथून पॅकेटे पाठवतो तिथे) आणि ईटीएफवर क्लॉक टीएआय (अणुघड्याळांच्या वेळेचे घड्याळ) दिले आहे, मात्र प्रोग्राम वेळ वाचतो क्लॉक रिअलटाइमवरून (नेहमीच्या यूटीसी वेळेच्या घड्याळावरून). अ‍ॅडजटाइमेक्स ही कर्नलच्या घड्याळाची माहिती देणारी आज्ञा टीएआयचा फरक ३७ सेकंद दाखवते.

रांगेतला: मग कारण सापडले. २०१७ पासून टीएआय हे यूटीसीच्या ३७ सेकंद पुढे आहे. तुम्ही रिअलटाइमची वेळ टीएआय म्हणून देता, त्यामुळे ईटीएफच्या दृष्टीने प्रत्येक पॅकेटची वेळ ३७ सेकंदांपूर्वीच उलटून गेलेली असते आणि वेळ उलटलेले पॅकेट ते टाकून देते. प्रोग्रामला हे कळत नाही, कारण यूडीपी सॉकेटवर चुका मागवलेल्या नसतील तर रांगेतली ही गळती कर्नल यश म्हणूनच कळवते. वेळ थेट क्लॉक टीएआयवरून वाचा आणि टीएक्सटाइमच्या (पॅकेटसोबत वेळ देण्याच्या सॉकेटवरील सोयीच्या) पर्यायांत चुका कळवण्याचा ध्वज लावा, म्हणजे पुढच्या वेळी सॉकेटच्या एरर रांगेत कारण मिळेल. कार्ड मात्र स्वतःच्या घड्याळाशी वेळ ताडते, त्यामुळे ते घड्याळ आणि संगणकाचे घड्याळ पीएचसीटूसिसने (ही दोन घड्याळे जुळवणाऱ्या प्रोग्रामने) जुळलेले आहे याचीही खात्री करा.

चक्रगती: टीएआयवरून वेळ वाचताच पॅकेटे जाऊ लागली, मनापासून आभार! पण वायरशार्कमध्ये प्रत्येक पॅकेट ठरलेल्या क्षणाच्या जवळजवळ ३०० मायक्रोसेकंद आधी दिसते. डेल्टा कमी करू का?

गीगाबिट: करा, १,००,००० वर आणा.

रांगेतला: कृपया करू नका. पाठवणाऱ्या संगणकावरचे वायरशार्क पॅकेट कार्डाच्या हवाली होते तो क्षण नोंदवते, आणि ईटीएफ ते डेल्टाइतके आधीच हवाली करते. म्हणूनच तुम्हाला ३०० दिसतात. पुढे कार्ड ते स्वतः धरून ठेवते. डेल्टा फार कमी केला, तर कर्नलला उशीर झाल्यावर पॅकेट वेळेनंतर कार्डाकडे पोहोचेल. खरा क्षण मोजायचा असेल, तर घेणाऱ्या बाजूला हार्डवेअर टाइमस्टँप (पॅकेटची वेळ कार्डानेच नोंदवण्याची सोय) असलेले कार्ड लावा आणि त्याचे घड्याळही पीटीपीने जुळवा.

चक्रगती: पलीकडेही आय२१० आहे. आज रात्री मोजून आकडे इथेच देते.