समांतर दोन सिलिंडरचे इंजिन: प्रज्वलनाचे अंतर ३६० वरून २७० अंशांवर कसे न्यावे?

प्रश्न: संगणकावरील सिम्युलेटरमधील ३६० अंशांच्या (दोन्ही पिस्टन एकत्र वर-खाली होणाऱ्या) इंजिनाला मी रॉयल एनफिल्ड ६५० प्रमाणे २७० अंशांचा क्रँक (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा मुख्य दांडा) दिला, परंतु तेव्हापासून इंजिन खोकते आणि ताकद निम्मीही उरत नाही. मी फक्त दुसऱ्या क्रँकपिनचा (क्रँकवर पिस्टनचा दांडा जिथे जोडला जातो त्या खिळीचा) कोन बदलला आहे. काय राहून गेले असावे?

उत्तर १: आपण क्रँक बदलला, पण ठिणगी जुन्याच जागी राहिली. दुसरा पिस्टन आता २७० अंशांवर माथ्याला पोहोचतो, त्यामुळे ३६० अंशांवर ठिणगी पडते तेव्हा तो निम्म्याहून अधिक खाली उतरलेला असतो आणि दाब वायाच जातो. ठिणगी २७० वर आणावी. त्या सिलिंडरचे कॅमही (झडपा उघडणारे उंचवटे) तितकेच अलीकडे घ्यावेत. मात्र कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरत असल्याने क्रँकचे ९० अंश म्हणजे कॅमचे ४५, आणि नेमकी इथेच बहुतेकांची गफलत होते. मग ७२० अंशांच्या (क्रँकच्या दोन फेऱ्यांच्या) चक्रात प्रज्वलने २७० आणि ४५० अंशांच्या अंतराने होतील.

उत्तर २: अशा विषम प्रज्वलनाचा खास आवाजही हवा असेल, तर एक्झॉस्टची जोडणीही पाहावी. उदाहरणार्थ, क्रॉसप्लेन व्ही-८ मध्ये (चार-चार सिलिंडरांच्या दोन बाजू आणि ९०-९० अंशांवर क्रँकपिन असलेल्या इंजिनात) प्रज्वलन दर ९० अंशांनी समान होते, तरी एका बाजूच्या चार सिलिंडरांत ते ९०, १८०, २७०, १८० असे विषम पडते, आणि त्या बाजूचा पाइप वेगळा ठेवला तरच या विषमतेची घरघर स्पष्ट ऐकू येते.

प्रश्नकर्ता: कॅमचे ४५ अंशच चुकले होते, मी ९० फिरवून पाहिले होते. आता इंजिन सुरळीत चालते. मनःपूर्वक आभार.