मदत हवी आहे: घरी, पाण्याच्या टबात दुसरं बाळंतपण (इंग्लंड)

जांभूळ:
नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

मला 36वा आठवडा लागलाय. आम्ही रेडिंगजवळ राहतो. थोरला साडेचार वर्षांचा, तो पुण्यात झाला. नॉर्मलच, पण सगळा वेळ पाठीवर झोपवून ठेवलेलं, कळ आली की "ओरडू नका" एवढंच कानावर, आणि टाके असे की दीड महिना मांडी घालता आली नाही. या वेळी मिडवाइफने (इथली प्रशिक्षित सुईण) आपणहून विचारलं, "घरी करायचं का?" बीपी, शुगर, हिमोग्लोबिन ठीक आहे, बाळाचं डोकं खाली आहे, पहिलं बाळंतपण सरळ झालेलं. एनएचएसकडून, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेकडून, मिडवाइफ घरी येतात, त्याचे पैसे नाहीत. टब मात्र आपला आपण आणायचा. फुगवायचा टब आणलाय, आत घालायचं नवं प्लास्टिकचं अस्तरही.

आता अडचणी. आमच्याकडे कॉम्बी बॉयलर (लागेल तेव्हा लागेल तेवढं पाणी तापवणारा) नाही, गरम पाण्याची जुनी टाकी आहे. दोन अंघोळी झाल्या की तिसऱ्याला गार पाणी. टबात 600 लिटरच्या आसपास पाणी लागतं, ते भरायचं कसं? टब वरच्या बेडरूममध्ये ठेवला तर जमीन पेलेल का? थोरल्याचं काय करायचं? आणि आई. ती साताऱ्याहून आलीय, टबाचं खोकं बघितल्यापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. गंमत म्हणजे ती स्वतः गावी घरात, सुईणीच्या हातून जन्मलेली.

"असलं काही करू नकोस" हा सल्ला व्हॉट्सॅपवर भरपूर मिळालाय, तेवढा सोडून काहीही सांगा.

कोरडवाहू:
माझी दुसरी लेक मिल्टन कीन्सला घरीच झाली, टबात. टब खालच्या मजल्यावरच ठेवा. 600 लिटर म्हणजे 600 किलो, वर तुम्ही. शिवाय अॅम्ब्युलन्सवाल्यांना स्ट्रेचर जिन्यावरून न्यावं लागू नये.

पाण्याचं: कळा सुरू झाल्या की टाकीतलं सगळं गरम पाणी आधी टबात सोडा, वर झाकण टाका, टाकी परत तापू द्या, मग दुसरा भरणा. बाकी केटल आणि पातेली. पाइप नवा घ्या, पिण्याच्या पाण्याचा, बागेतला नको. नळाला लावायचा जोड घरच्या नळाला बसतो का ते आजच बघा. आमचा बसला नव्हता, नवरा रात्री दोनला चिकटपट्ट्या गुंडाळत होता.

आदल्या दिवशी भरून हीटर लावून ठेवू असं मनातही आणू नका. कोमट पाणी साचून राहिलं की लिजिओनेला नावाचा न्यूमोनियाचा जंतू वाढतो. 2014 मध्ये इथे अशाच टबात जन्मलेलं एक बाळ त्याने आजारी पडलं होतं, तेव्हा सरकारी इशारा निघाला होता.

आणि एक चाळणी लागते. कशाला ते मिडवाइफला विचारा :)

निवृत्त_पांढरी_साडी:
मी एकतीस वर्षं लेबर रूममध्ये नर्स होते, आता नाशिकला असते. तुझ्या धाग्यात टब आहे, पाइप आहे, जमीन आहे. वारेचा (प्लॅसेंटाचा) शब्द नाही. बाळ बाहेर आलं की सगळ्यांचे मोबाइल बाहेर निघतात आणि खरा रक्तस्राव त्यानंतर होतो. वार पडायला किती वेळ थांबणार, वार पडायला मदत करणारं इंजेक्शन कधी घेणार, पाण्यातून बाहेर कधी येणार, हे आधी ठरलंय का? टबात रक्त पाण्यात मिसळतं, किती गेलं त्याचा अंदाज येत नाही.

दुसरं, आईला नेमकी कशाची भीती वाटते ते विचारलंस का? की नुसतीच समजूत घालते आहेस?

आडवाटेचा_प्रवासी:
पुरुष असून लिहितोय, हलके घ्या. आकडे हवे असतील तर इंग्लंडमधला बर्थप्लेस अभ्यास, 2011. कमी जोखमीच्या बायकांमध्ये, आधी बाळंतपण झालेल्यांना घरी बाळाला जास्त धोका दिसला नाही. पहिलटकरणींमध्ये मात्र फरक होता: बाळाला गंभीर त्रास घरी हजारी 9.3, दवाखान्यात डॉक्टरांच्या विभागात 5.3. आणि घरून दवाखान्यात हलवावं लागलं ते पहिलटकरणींपैकी 45 टक्क्यांना, आधी बाळंतपण झालेल्यांपैकी 12 टक्क्यांना. म्हणजे आठात एक. बॅग भरून ठेवा.

पहाटगाणी:
वाचतेय. नाशिकमध्ये असं करता येईल का? पहिलीच वेळ आहे, व्हिडिओ खूप बघितलेत.

निवृत्त_पांढरी_साडी:
पहाटगाणी, नको गं. जांभूळच्या घरी येणाऱ्या बाईकडे बाळाला श्वास द्यायची पिशवी असते, रक्तस्रावाचं इंजेक्शन असतं, आणि तिने फोन केला की दवाखाना दार उघडून बसलेला असतो. ती सगळी साखळी आहे, टब हा तिच्यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा दुवा. 2018 मध्ये तमिळनाडूत तिरुपूरला व्हिडिओ बघून घरी बाळंतपण करायला गेले आणि ती मुलगी रक्तस्रावाने गेली. तुझ्या डॉक्टरीणबाईंना विचार, कळांमध्ये चालू द्याल का, कुशीवर किंवा उकिडवं बसू द्याल का, सोबतीला कुणाला आत येऊ द्याल का. एवढं मिळालं तरी खूप फरक पडतो.

जांभूळ:
सगळ्यांचे आभार. ताई, तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री आईजवळ जाऊन बसले. तिने सांगितलं. तिची मावशी घरीच बाळंत झाली, मुलगा झाला, पेढे वाटायला माणूस गेला आणि वार अडकली. बैलगाडी जुंपेपर्यंत ती गेली. आई तेव्हा सात वर्षांची होती, तिला पेढ्याची चव अजून आठवते म्हणाली. मला हे छत्तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. "वार पडेपर्यंत बाळंतीण झाली म्हणू नये," हे ती नेहमी म्हणायची, मला वाटायचं म्हणच आहे.

आज मिडवाइफ आली तेव्हा आईला शेजारी बसवलं आणि तिचे प्रश्न मी इंग्रजीतून विचारले. ठरलं ते असं: बाळ झालं की वारेसाठी टबातून बाहेर. रक्त ठीक असेल तर तासभर वाट बघायची, त्याआधी कधीही मी म्हणेन तेव्हा मांडीत इंजेक्शन. तरी नाही पडली तर दवाखाना. टबातलं पाणी 37.5 अंशांच्या वर जाता कामा नये, दर तासाला मोजणार. गॅस अँड एअर (कळांसाठी तोंडाने ओढायचा वायू) पाण्यात चालतो, पेथिडीन हे वेदनाशामक इंजेक्शन घेतलं तर दोन तास पाण्यात उतरता येत नाही. त्या रात्री मिडवाइफ मोकळ्या नसल्या तर दवाखान्यात जावं लागेल हेही तिने सांगून टाकलं. आई म्हणाली, "ही बाई बरी आहे. गोड बोलत नाही."

कोरडवाहू:
थोरल्यासाठी शेजारीण किंवा मैत्रीण ठरवून ठेवा. आईवर सोपवू नका, आईला त्या रात्री तुमच्याजवळ असू द्या.

जांभूळ:
मंडळी, मुलगी झाली! अकरा दिवस झाले. एका हाताने टंकतेय, चुका पोटात घाला.

रात्री अकराला कळा सुरू झाल्या, बाराला पाच-पाच मिनिटांवर. थोरला झोपेतच मैत्रिणीच्या गाडीत गेला. मिडवाइफ एकच्या सुमाराला आली, तेव्हा टब अर्धासुद्धा नव्हता आणि टाकीने मान टाकली होती. मग आई उठली. चारही शेगड्यांवर पातेली, कुकरचा मोठा डबासुद्धा. बोलणं काही नाही, नुसत्या खेपा. मी उतरणार तेवढ्यात तिने कोपर बुडवलं, थोरल्याला अंघोळ घालताना बुडवायची तसं, आणि म्हणाली, "गरम आहे." मिडवाइफने थर्मामीटर टाकला. 38.2. गार पाणी घालून मगच मला उतरू दिलं. त्यानंतर दर वेळी मिडवाइफ आधी आईच्या कोपराकडे बघायची आणि मग थर्मामीटरकडे.

पाण्यात उतरल्यावर कळा थांबत नाहीत, हे आधीच सांगते. पण कंबरेवरचं ओझं उतरतं. मी गुडघ्यांवर, टबाच्या काठावर हात टाकून होते, दोन कळांच्या मध्ये चक्क डुलकी लागत होती. शेवटी वाटलं, बास, मला दवाखान्यात न्या. तसं म्हणालेही. मिडवाइफ म्हणाली, डोकं दिसतंय. "जोर लावू नकोस, फुंकर घाल." डोकं बाहेर आलं तेव्हा मला उठू दिलं नाही, कारण तोंडाला एकदा हवा लागली की बाळ परत पाण्याखाली जाता कामा नये. पुढच्या कळेला ती पूर्ण आली आणि मिडवाइफने हळूच वर घेतली, नाळेला ताण न देता. 3 वाजून 40 मिनिटं.

ती रडली नाही. डोळे उघडे, आणि गप्प. मला काही कळेना. टॉवेलने पाठ चोळली, रंग निळसरवरून गुलाबी झाला, मग बारीक कुरकुर. पाण्यातली बाळं कधीकधी अशी शांत येतात म्हणे. मला ते तेव्हा माहीत असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथे लिहून ठेवतेय.

आणि वार. सोफ्यावर बसले, बाळ अंगावर, नवरा फोटो काढतोय, आणि आई पाठमोरी दाराशी, दवाखान्याच्या बॅगेशेजारी उभी. अर्धा तास, काही नाही. पाऊण तास, काही नाही. मला अजून थांबायचं होतं, थांबता आलं असतं. पण आईची पाठ बघवेना. पन्नास मिनिटांनी इंजेक्शन मागितलं. दहा-बारा मिनिटांत वार पडली, मिडवाइफने उजेडात उलटसुलट करून पूर्ण आहे का पाहिली, आईनेही पाहिली. मग आई स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली, ते मला ऐकू आलं. नंतर आळिवाची खीर घेऊन बाहेर आली.

टाके दोनच. मांडी घालून बसलेय.

टब रिकामा करायला नवऱ्याला सकाळचे सात वाजले. पंप वीस मिनिटं चालला आणि बंद पडला, उरलेलं सगळं बादलीने संडासात. पंप आधी एकदा पाण्यात चालवून बघा.

पहाटगाणी:
अभिनंदन ताई! मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, कळांमध्ये चालू देणार आहेत, आणि आई आत येणार आहे.
ती चाळणी कशाला लागते ते कुणी सांगितलंच नाही.

जांभूळ:
पहाटगाणी, छान! जोर लावताना पोट साफ होतं, ते टबातून काढायला. माझा नवरा घाईत आईची पुरणाची चाळणी घेऊन आला होता. तेवढ्या गडबडीत तिने ती हातातून हिसकावून घेतली. नवीन आणा.