मदत हवी आहे: ‘व्लाख’ म्हणजे नक्की कोण?
मंडळी, भाषांची आवड असणाऱ्यांनी प्लीज मदत करा. पोलिशमध्ये इटलीला ‘व्वोखी’ म्हणतात आणि बाल्कनमध्ये त्याच शब्दाचं भावंड ‘व्लाख’, ते रोमेनियनसारख्या भाषा बोलणाऱ्या मेंढपाळांना लावतात, वालाकिया (आजच्या रोमेनियाचा दक्षिण भाग) हे नावही त्यातलंच. मूळ शब्द जुन्या जर्मानिकमधला (इंग्रजी-जर्मनची पूर्वज भाषा), त्याचा अर्थ परकी केल्टिक किंवा लॅटिन बोलणारे लोक, वेल्स पण त्याच घरातलं! रोमेनियन लोक मात्र स्वतःला ‘रोमन’वरूनच आलेल्या नावाने ओळखतात, हे मला फार भारी वाटतं. चेकमध्ये तर ‘वालाख’ म्हणजे खच्ची केलेला घोडासुद्धा, कारण तसे घोडे वालाकियाकडून यायचे म्हणे. मला अडलंय ते मेंढपाळापाशी. आधी जमातीचं नाव होतं आणि मग धंद्याचं झालं, की उलटं? प्राग, वॉर्सा किंवा बुखारेस्टला कुणी राहत असेल तर तिकडे आज हा शब्द ऐकताना अपमान वाटतो का तेही सांगा, आणि यावरचं एखादं सोपं पुस्तक सुचवा ना.