घरखर्चाला कात्री सगळ्यांनी मिळून कशी लावावी?

प्रश्न: आम्ही पाच जण आहोत, खर्च कमी करण्याचा विषय निघाला की प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. सुरुवात कुठून करावी?

उत्तर १: विजेच्या बिलापासून करावी, कारण ते कोणा एकाचे नसते. २००० वॅटचा गीझर अर्धा तास चालला की १ युनिट जाते आणि महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांच्या पुढच्या युनिटांना चढा दर लागतो. आमच्या मुलीने रोज मीटर वाचून आकडा फ्रिजवर लिहायला घेतला, तेव्हा आजोबासुद्धा आठवणीने पंखा बंद करू लागले.

उत्तर २: सहमत आहे, मात्र सासूबाईंच्या पूजेच्या फुलांना हात लावू नये (आम्ही लावला होता). त्याऐवजी, कोणीच पाहत नसलेली ओटीटीची वर्गणी आधी बंद करावी.

प्रश्नकर्ती: फुलांचे लक्षात ठेवते. मीटर आज रात्रीच वाचू.