वृक्ष प्राधिकरण झाडं वाचवायला की तोडायची परवानगी द्यायला? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
आमचं तालुक्याचं गाव, नगरपरिषद आहे. रस्ता रुंद करायचाय म्हणून दोन्ही बाजूचे वड, चिंचा, कडुनिंब तोडायचा प्रस्ताव आलाय, खोडांवर नोटिसा डकवल्यात आणि हरकतीची मुदत संपत आलीय. रस्ता नको असं कुणीच म्हणत नाहीये, पण एका बाजूने गटार थोडं सरकवलं तर निम्मी झाडं राहतात हे तिथे उभं राहिलं की कुणालाही दिसतं.

माझा प्रश्न एका रस्त्यापुरता नाहीये. महाराष्ट्राचा 1975 चा शहरी भागातल्या झाडांच्या संरक्षण आणि जतनाचा कायदा वाचला, त्यात वृक्ष प्राधिकरणाचं (झाडं तोडायची परवानगी देणारी नगरपरिषदेची समिती) काम पहिलं लिहिलंय ते झाडं राखायचं, दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची, रोपवाटिका वाढवायच्या. आमच्याकडे यातलं काहीही होताना दिसत नाही, बिल्डरचा नाहीतर बांधकाम खात्याचा अर्ज आला की बैठक लागते आणि मंजुरी देऊन उठतात. घरपट्टीत वृक्षकर मात्र दरवर्षी न चुकता येतो, तो आम्ही भरतो, मग तो पैसा जातो कुठे? 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरची झाडं हेरिटेज धरायची आहेत, पण गणनाच नसेल तर वय ठरवणार कोण? तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवीन झाडं लावायची हेही त्याच दुरुस्तीत आहे, म्हणजे वय कमी दाखवलं की तिथेही सूट. याचा मला खरंच संताप येतो.

हरकत कशी लिहायची म्हणजे ती नुसती फाईलला लागून पडणार नाही? कलेक्टरकडे नगरपरिषद कायद्याच्या कलम 308 खाली ठरावाला स्थगिती मागता येते का? का सरळ राष्ट्रीय हरित लवादात (पर्यावरणाचे दावे ऐकणारं न्यायाधिकरण) जायचं?

प्रतिसाद १:
हरकत आजच द्या आणि आवक शिक्क्याची पोच घ्या, ही पोच पुढे सगळीकडे लागते. झाडागणिक लिहा, जात, बुंध्याचा घेर, फोटो, आणि पर्यायी आखणीचा साधा नकाशा जोडा. "पर्यावरणाची हानी होईल" एवढंच लिहिलं तर एका ओळीत फेटाळतात. लवाद ज्या कायद्यांखालचे दावे ऐकतो त्यांच्या यादीत (परिशिष्टात) हा झाडांचा कायदा नाही, त्यामुळे तिथे अडकू नका, हायकोर्टात जनहित याचिका जास्त बरी. 2018 मध्ये मुंबईच्या प्राधिकरणावर तज्ज्ञच नव्हते म्हणून हायकोर्टाने त्यांच्या कामाला स्थगिती दिली होती, तेव्हा तुमच्याकडे सदस्य कोण आहेत ते आधी बघा. 308 बद्दल वकिलालाच विचारा.

धागाकर्ता:
खूप आभार. सदस्यांची यादी, बैठकांची इतिवृत्तं, गणनेची नोंद आणि वृक्षकराचा जमाखर्च, चारही माहिती अधिकारात मागतोय, पण उत्तराला तीस दिवस आणि करवत त्याआधी आली तर? तातडीची स्थगिती कुणी मिळवली असेल तर वकिलाकडे काय काय कागद नेले होते ते प्लीज सांगा.